कोडी आणि बैठे खेळ तर्कानं कसे सोडवावेत: रविवारच्या बैठकीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी कोडी आणि बैठ्या खेळांची बैठक भरते. तिसरी-चौथीतली मुलं येतात, निवृत्त झालेले काका-काकू येतात, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत दिवसभर बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे तरुणही येतात. नव्यानं येणारा जवळजवळ प्रत्येक जण तेच प्रश्न विचारतो, म्हणून ते उत्तरांसह इथे लिहून ठेवते आहे. क्रमानं वाचायची गरज नाही. तुमचा प्रश्न शोधा आणि तिथूनच सुरू करा.

तर्कानं कोडं सोडवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

जे असूच शकत नाही ते आधी खोडायचं आणि जे उरलं त्यातून पुढची वाट काढायची. बहुतेक सगळी कोडी या एका कामावर सुटतात. हे काम नीट, न कंटाळता आणि लिहून करणं एवढंच शिकायचं असतं.

बैठकीत आम्ही नव्या माणसाला एक जुनं कोडं देतो. दिवाळीच्या फराळाचे तीन डबे आहेत. एकात फक्त लाडू, एकात फक्त करंज्या आणि एकात दोन्ही. डब्यांवर ‘लाडू’, ‘करंज्या’ आणि ‘दोन्ही’ अशा चिठ्ठ्या आहेत, पण तिन्ही चिठ्ठ्या चुकीच्या डब्यांवर लागल्या आहेत. कुठल्याही एका डब्यातून, आत न डोकावता, एकच वस्तू बाहेर काढायची परवानगी आहे. तेवढ्यावरून तिन्ही डब्यांत काय आहे ते सांगायचं.

बरेच जण ‘लाडू’ लिहिलेल्या डब्यात हात घालतात. त्यातून करंजी निघाली, तर तो डबा करंज्यांचा की दोन्हींचा हे कळत नाही. आता ‘दोन्ही’ लिहिलेला डबा घ्या. चिठ्ठी चुकीची आहे, त्यामुळे त्यात दोन्ही असूच शकत नाहीत. म्हणजे जी वस्तू निघेल, संपूर्ण डबा तिचाच. समजा लाडू निघाला, तर तो लाडवांचा डबा. मग ‘करंज्या’ लिहिलेल्या डब्यात करंज्या नाहीत (चिठ्ठी चुकीची) आणि लाडूही नाहीत (त्यांचा डबा सापडला), म्हणून त्यात दोन्ही. राहिलेल्या ‘लाडू’ लिहिलेल्या डब्यात करंज्या. यात कुठेही नशिबाचा भाग नाही. ‘तिन्ही चिठ्ठ्या चुकीच्या आहेत’ हे वाक्य लोक नुसतं वाचून पुढे जातात, आणि सगळी माहिती त्याच वाक्यात असते.

हुशार माणसाला उत्तर एकदम दिसतं. मला दिसत नाही. मग हे माझ्यासाठी आहे का?

आहे. ज्याला उत्तर ‘एकदम दिसतं’ त्यानं बहुधा त्या जातीची कोडी आधी पुष्कळ सोडवलेली असतात. आमच्याकडे जे लोक महिन्या-दोन महिन्यांत पुढे जातात, त्यांची ओळख वेगावरून होत नाही. ते कागद वापरतात आणि खोडलेली शक्यता का खोडली हे शेजारी लिहितात, एवढंच. डोक्यात एका वेळी फार थोड्या गोष्टी धरता येतात. पाचवी शक्यता आली की पहिली निसटते. कागदावरची निसटत नाही.

सुडोकूत अडकलं की अंदाज लावावा का?

नाही. मात्र या उत्तराला थोडा खुलासा लागतो, कारण अंदाजासारखीच दिसणारी एक अगदी योग्य रीत आहे.

आधी अडकण्याबद्दल. आपण सहसा एकेका रिकाम्या घराकडे बघून म्हणतो, इथे कोणता आकडा बसेल? अडकल्यावर हा प्रश्न फिरवा. आकडा धरा, समजा ७, आणि एकेका तीन बाय तीनच्या चौकोनात त्याला जागा कुठे उरली आहे ते बघा. एखाद्या घरात चार आकडे बसू शकतात असं दिसत असतं, पण त्या चौकोनात ७ ला तेवढं एकच घर मोकळं असतं. घराकडून बघताना हे लक्षात येत नाही, आकड्याकडून बघताना लगेच येतं.

त्यानंतर जोड्या शोधा. एका आडव्या ओळीतल्या दोन घरांत फक्त ३ आणि ८ हेच आकडे बसू शकतात असं समजा. कुठल्या घरात ३ आणि कुठल्यात ८ हे तुम्हाला माहीत नाही. तरीही त्या ओळीतल्या बाकीच्या सगळ्या घरांतून ३ आणि ८ खोडता येतात, कारण ते दोन्ही त्या जोडीतच संपणार. ही रीत मला फार आवडते. अर्धवट माहिती हातात असताना तिच्यातून पूर्ण खात्रीची गोष्ट काढता येते, हे मुलांना पहिल्यांदा इथे कळतं आणि त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

आता अंदाजाविषयी. ‘इथे ५ टाकून बघू’ म्हणून पेननं ५ लिहिणं हा अंदाज. ‘समजा इथे ५ आहे’ असं म्हणून, वेगळ्या खुणेनं, त्याचे परिणाम शेवटपर्यंत तपासणं हा तर्क. परिणामांत एका ओळीत दोन ९ आले, तर ५ नाही हे सिद्ध झालं आणि ते खोडता आलं. पण काहीच विसंगती आली नाही, तर काहीच सिद्ध झालेलं नाही. ‘जमतंय, म्हणजे ५ च असणार’ इथे बरेच जण घसरतात आणि पंधरा मिनिटांनी सगळं खोडत बसतात.

नीट रचलेल्या सुडोकूला एकच उत्तर असतं, त्यामुळे अंदाजाची गरज पडत नाही. या कोड्याचं नाव जपानी असलं तरी त्याचा आजचा अवतार १९७९ मध्ये अमेरिकेत हॉवर्ड गार्न्स नावाच्या निवृत्त वास्तुरचनाकारानं केला. १९८४ मध्ये जपानमधल्या निकोली या प्रकाशनानं ते तिथे नेलं, आणि २००४ मध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये आल्यावर ते जगभरच्या वर्तमानपत्रांत पोहोचलं. किमान किती आकडे दिलेले असले म्हणजे उत्तर एकच येतं, हा प्रश्न बरीच वर्षं पडून होता. २०१२ मध्ये डब्लिनचे गणितज्ञ गॅरी मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर सगळ्या शक्यता तपासून दाखवून दिलं की १७ च्या खाली ते शक्य नाही. तेव्हा कुणी १६ आकडे दिलेलं सुडोकू तुमच्यापुढे ठेवलं, तर एक तर त्याला एकाहून जास्त उत्तरं आहेत किंवा एकही नाही.

सोप्या प्रश्नातही मी हटकून चुकतो. असं का होतं?

कारण आपलं मन दिलेलं विधान खरं ठरवणारे पुरावे शोधतं. ते खोटं ठरवू शकेल असा पुरावा शोधत नाही. इंग्रज मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६ मध्ये यासाठी एक छोटी चाचणी मांडली. तिचं मराठी रूप आम्ही बैठकीत करतो.

टेबलावर चार कार्डं आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला आकडा. वर दिसतंय: अ, क, ४, ७. नियम असा सांगितला आहे की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम आकडा असतो. हा नियम पाळला गेला आहे का हे तपासायला कोणती कार्डं उलटावी लागतील?

बहुतेक लोक ‘अ आणि ४’ म्हणतात. ४ उलटून काहीच हाती लागत नाही. मागे व्यंजन निघालं तरी नियम मोडत नाही, कारण सम आकड्यामागे स्वरच हवा असं कुणी म्हटलेलंच नाही. उलटायला हवं ते ७. त्यामागे स्वर निघाला तर नियम मोडला. बरोबर उत्तर ‘अ आणि ७’.

हेच कोडं बसमध्ये नेलं की सगळ्यांना येतं. सवलतीचं तिकीट असेल तर ओळखपत्र हवं, असा नियम आहे. कंडक्टर कुणाला तपासेल? सवलतीचं तिकीट घेतलेल्याला आणि ओळखपत्र नसलेल्याला. ओळखपत्र गळ्यात घालून बसलेल्याला तो विचारत नाही. दोन्ही कोड्यांचा सांगाडा अगदी एक आहे. म्हणून अक्षरं-आकड्यांचं कोडं अवघड वाटलं की ते माणसांवर आणि ओळखीच्या नियमांवर घालून बघा.

शिष्यवृत्ती किंवा एमपीएससीच्या बुद्धिमत्ता चाचणीत बैठक व्यवस्थेचे प्रश्न फार वेळ खातात. काही युक्ती?

युक्ती नाही, क्रम आहे. पक्की जागा सांगणारं वाक्य आधी घ्या, मग सापेक्ष जागा सांगणारी, आणि ‘नाही’ असलेल्या वाक्यांना कधीही शेवटचं समजू नका.

उदाहरण बघा. अमित, भक्ती, चैतन्य, दीपा आणि ईशान उत्तरेकडे तोंड करून एका रांगेत बसले आहेत. चैतन्य बरोबर मध्यभागी आहे. दीपा त्याच्या लगेच उजवीकडे आहे. अमित चैतन्यच्या शेजारी नाही. ईशानही चैतन्यच्या शेजारी नाही. अमितच्या शेजारी भक्ती नाही. कोण कुठे?

डावीकडून जागांना १ ते ५ क्रमांक द्या. चैतन्य ३, दीपा ४. जागा २ ही चैतन्यच्या शेजारची, तिथे अमित नाही आणि ईशानही नाही. उरली भक्ती. पहिल्या चार वाक्यांत भक्तीचं नावही नव्हतं, आणि तरी चैतन्य-दीपानंतर सगळ्यात आधी तिची जागा पक्की झाली. अमित तिच्या शेजारी नाही म्हणजे तो १ वर नाही, ५ वर आहे. ईशान १ वर.

वेळ जातो तो बहुधा एकच चित्र पुन्हा पुन्हा नव्यानं काढण्यात. दोन शक्यता उरल्या तर दोन चित्रं शेजारी-शेजारी काढा आणि पुढचं प्रत्येक वाक्य दोन्हींना लावा. एक चित्र आपोआप बाद होतं. आणि ‘उत्तरेकडे तोंड’ की ‘दक्षिणेकडे’ हे सुरुवातीलाच बाणानं दाखवा. डावं-उजवं तिथेच उलटं होतं.

खेळात जिंकायला तर्क कसा वापरायचा? तिथे तर समोर दुसरा माणूस असतो.

शेवटून सुरुवात करायची. काड्यांचा खेळ घ्या. २१ काड्या, दोन खेळाडू. आपल्या पाळीला १, २ किंवा ३ काड्या उचलायच्या. शेवटची काडी उचलेल तो जिंकला.

२१ काड्यांकडे बघून काहीच सुचत नाही. म्हणून शेवटाकडे जा. माझ्यापुढे १, २ किंवा ३ काड्या असतील तर मी सगळ्या उचलून जिंकते. ४ असतील तर मी काहीही उचललं तरी समोरच्यापुढे १, २ किंवा ३ उरतात, म्हणजे मी हरते. तर ४ ही हरण्याची जागा. माझ्यापुढे ५, ६ किंवा ७ असतील तर मी त्याला ४ वर आणून ठेवू शकते. ८ वर ते जमत नाही. अशा रीतीनं ४, ८, १२, १६, २० या सगळ्या हरण्याच्या जागा निघतात. पहिली पाळी तुमची असेल तर एक काडी उचलून २० ठेवा, आणि मग समोरच्यानं जितक्या उचलल्या त्यात तुमच्या मिळवून चार होतील तितक्या उचलत राहा. त्याला कुठेच वाट नाही.

लगेच नियम उलटा करून बघा: शेवटची काडी उचलेल तो हरला. आता हरण्याच्या जागा १, ५, ९, १३, १७ आणि २१. म्हणजे २१ काड्यांवर पहिली पाळी घेणाराच अडकला! मुलांना पाठ केलेली युक्ती आणि समजलेली युक्ती यांतला फरक इथे पटतो. पाठ केलेला इथे हरतो, समजलेला दोन मिनिटांत नवी यादी करतो.

काड्यांचे तीन ढीग केले आणि एका वेळी एकाच ढिगातून हव्या तेवढ्या उचलायच्या असं ठरवलं, की हा ‘निम’ नावाचा खेळ होतो. शेवटची काडी उचलणारा जिंकतो. त्याचं संपूर्ण गणित चार्ल्स बाउटन यांनी १९०१ मध्ये मांडलं. प्रत्येक ढीग ४, २, १ अशा तुकड्यांत फोडायचा आणि सारख्या तुकड्यांच्या जोड्या लावायच्या. ढीग ३, ४, ५ असे असतील तर ३ म्हणजे २ आणि १, ४ म्हणजे ४, ५ म्हणजे ४ आणि १. चारची जोडी लागली, एकची लागली, २ एकटा उरला. तो एकटा काढून टाका, म्हणजे तीनच्या ढिगातून २ उचला. सगळ्या जोड्या लागलेल्या अवस्थेत समोरच्याला ठेवलं की त्याची कुठलीही चाल जोडी मोडते आणि तुम्ही ती पुन्हा लावता. घरी ३, ५, ७ घेऊन बघा. तिथे जिंकणाऱ्या पहिल्या चाली एकाहून जास्त आहेत.

मग सगळेच खेळ असे उलगडता येतात का?

फुल्ली-गोळा उलगडलेला आहे: दोघंही नीट खेळले तर बरोबरी. चार सोंगट्या एका रेषेत आणायचा ‘कनेक्ट फोर’ १९८८ मध्ये उलगडला. त्यात पहिला खेळाडू जिंकू शकतो. चौकटींच्या पाटावर समोरच्याच्या सोंगट्या मारायचा ‘चेकर्स’ २००७ मध्ये कॅनडातल्या जोनाथन शेफर यांच्या चमूनं उलगडला, तोही बरोबरीचा. बुद्धिबळ अजून कुणी उलगडलेलं नाही.

बुद्धिबळात मला चार-पाच चाली पुढचं दिसत नाही. तरी खेळ सुधारेल का?

सुधारेल, आणि पुढचं बघण्याआधी समोरचं बघायला शिकलात तर लवकर सुधारेल. प्रतिस्पर्ध्यानं चाल केली की स्वतःला दोन गोष्टी विचारा. या मोहऱ्यानं आता कशावर नेम धरला? आणि ते जिथून हललं तिथे त्यानं काय उघडं टाकलं? दुसरा प्रश्न जवळजवळ कुणी विचारत नाही. घोडा पुढे आला की सगळे घोड्याकडे बघतात. तो कालपर्यंत ज्या प्याद्याला राखत होता त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

स्वतःची चाल ठरवताना आधी शह, मग मारामारी, मग धमकी, या क्रमानं तपासा. या चालींना समोरच्याकडे उत्तरं थोडी असतात, म्हणून शक्यता मोजता येतात.

आणि शेवटचा डाव शिका. राजा आणि एक प्यादं विरुद्ध नुसता राजा. दोन राजे समोरासमोर, मध्ये एक घर रिकामं. आता ज्याची चाल त्याला बाजूला व्हावं लागतं. चाल करायची सक्ती हीच तिथे त्याची अडचण होते. पाटावर तीनच मोहरी असताना प्रत्येक शक्यता तपासता येते, आणि काड्यांच्या खेळातली शेवटून विचार करण्याची रीत इथे जशीच्या तशी लागू पडते.

पुण्यात या खेळाला चांगली परंपरा आहे. इथले अभिजित कुंटे २००० मध्ये ग्रँडमास्टर झाले आणि २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचे ते कर्णधार होते. एप्रिल २०२५ मध्ये महिलांच्या जागतिक ग्रां प्री मालिकेतली एक स्पर्धा पुण्यात झाली आणि कोनेरू हंपी यांनी ती जिंकली.

पत्त्यांत तर नशीब असतं. तिथे तर्काचा काय उपयोग?

पानं वाटली जाईपर्यंत नशीब. त्यानंतर प्रत्येक पान काहीतरी सांगत असतं, आणि मला विचाराल तर तर्क शिकायला पत्त्यांइतकं चांगलं साधन घरात दुसरं नाही.

बदाम सात घ्या. साधा, लहान मुलांचा म्हणून समजला जाणारा खेळ. खेळता येत असेल तर पान टाकावंच लागतं, अशा नियमानं खेळा. टेबलावर बदामची छक्की, सत्ती आणि अठ्ठी पडली आहे, बाकी काही नाही. तुमच्या डावीकडची काकू ‘पास’ म्हणाली. त्या एका शब्दानं तुम्हाला पाच पानांची माहिती मिळाली. तिच्याकडे बदामची पंजी नाही, नव्वी नाही, आणि इस्पिक, किल्वर, चौकट यांपैकी एकही सत्ती नाही. आता तुमच्याकडे किल्वरची सत्ती आहे, पण किल्वरची बाकी पानं नाहीत. ती घाईनं टाकलीत तर दुसऱ्यांची वाट मोकळी केलीत. टाकण्याजोगं दुसरं पान हातात असेल तोवर ती धरून ठेवा. मुलांना ‘कोण कशावर पास म्हणालं ते कागदावर लिहा’ म्हटलं की दोन डावांत खेळाची पातळी बदलते.

मेंढीकोटमध्ये चार दश्शा धरायच्या असतात, म्हणून सगळ्यांचं लक्ष दश्शांवर. लक्ष ठेवायचं ते रंगांच्या मोजणीवर. एका रंगाची १३ पानं. तुम्हाला बदामची ४ आली. दोनदा बदामची उतारी झाली आणि चौघांनीही बदाम टाकलं. इतर तिघांची ६ पानं गेली, तुमची मूळची ४, म्हणजे बाहेर उरली फक्त ३. बदामची दश्शी अजून दिसली नसेल आणि तुमच्याकडे नसेल, तर ती त्या तिघांत आहे. तिसऱ्या उतारीला उजवीकडच्यानं दुसरा रंग टाकला की ती तीन पानं उरलेल्या दोघांतच आहेत, त्यांतला एक तुमचा भिडू. हुकूम कधी टाकायचा याचा निर्णय इथे होतो.

बावन्न पानं लक्षात ठेवायची गरज नाही. एका डावात एकच रंग मोजायला घ्या. तो सहज मोजता यायला लागला की दुसरा घ्या.

तर्क पक्का झाला की ऑनलाइन रमीत पैसे कमावता येतील का?

आमच्या बैठकीत पैसे लावून काहीही खेळलं जात नाही. रमीत कौशल्याचा भाग मोठा असतो हे सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्येच म्हटलं होतं, पण पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी घातली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी कौशल्यानं एका डावातली वाईट पानं चांगली होत नाहीत. घरचे पैसे त्यावर लावू नका.

‘ओळखा पाहू’ खेळांत कमी प्रश्नांत उत्तर कसं गाठायचं?

ज्या प्रश्नाचं ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्ही सारखंच संभवतं तो विचारा. १ ते १००० मधला आकडा १० प्रश्नांत नक्की सापडतो, कारण दर वेळी शक्यता निम्म्या केल्या तर १० वेळा निम्मं करून १०२४ पर्यंत पोहोचता येतं. वीस प्रश्न असतील तर १०,४८,५७६ शक्यता. म्हणून ‘तो क्रिकेटपटू आहे का?’ हा पहिला प्रश्न म्हणून वाया जातो. ‘ती व्यक्ती हयात आहे का?’ बरा.

तराजू असेल तर उत्तरं तीन असतात: डावं पारडं खाली, उजवं खाली किंवा समतोल. त्यामुळे ९ नाण्यांत एक जड असेल तर दोनदा तोलून ते सापडतं. तीन-तीन तोला, जो गट जड तो घ्या (समतोल असेल तर बाजूला ठेवलेला), आणि त्यातली एक-एक तोला.

पुण्याशी जोडलेलं एखादं चांगलं कोडं आहे का?

दोन आहेत, आणि दोन्ही माझी अत्यंत आवडती.

पहिलं पुलांचं. लकडी पूल, झेड ब्रिज, भिडे पूल, संगम पूल, होळकर पूल, बंडगार्डनचा पूल... शहरातल्या नद्यांवरचा प्रत्येक पूल नेमका एकदाच ओलांडत एक सलग फेरी मारता येईल का? नदीच्या उगमाला वळसा घालायचा नाही आणि नदीत उतरायचं नाही.

हा प्रश्न मुळात क्योनिग्सबर्ग या शहराबद्दल विचारला गेला होता. ते आता रशियातलं कालिनिनग्राड. तिथे चार भूभाग आणि सात पूल होते. १७३६ मध्ये ऑयलर या गणितज्ञानं दाखवलं की तशी फेरी अशक्य आहे. त्याचा तर्क फार देखणा आहे. वाटेतल्या कुठल्याही भागात तुम्ही एका पुलानं येता आणि दुसऱ्यानं बाहेर पडता, म्हणजे तिथले पूल जोडीनं संपतात. ज्या भागाला विषम संख्येचे पूल आहेत, तो फक्त सुरुवातीचा किंवा शेवटचा असू शकतो. असे भाग दोनाहून जास्त असले की फेरी नाही. क्योनिग्सबर्गच्या चारही भागांना विषम पूल होते: एकाला पाच, बाकीच्यांना तीन-तीन.

आता पुणे. मुळा आणि मुठा संगमावर मिळतात, त्यामुळे तीन भूभाग होतात: शिवाजीनगर-खडकीची बाजू, पेठा-स्टेशन-कॅम्पची बाजू आणि येरवड्याची बाजू. इथे पूल मोजायचीही गरज नाही! प्रत्येक पुलाला दोन टोकं, म्हणून तिन्ही भागांच्या पुलांची बेरीज केली तर ती सम येणार. बेरीज सम यायची तर विषम पुलांचे भाग शून्य किंवा दोनच असू शकतात. तीन विषम संख्यांची बेरीज विषम होते. म्हणजे महापालिकेनं उद्या आणखी कितीही पूल बांधले, तरी तीन भागांच्या पुण्यात फेरी नेहमी शक्य आहे. पवना हिशेबात घेतली की सांगवी-वाकडचा चौथा भाग तयार होतो, आणि मग मात्र नकाशा घेऊन पूल मोजावे लागतात. सुट्टीत मुलांना हे काम द्या.

दुसरं कोडं द. रा. कापरेकरांचं. ते फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले, पुढे देवळालीला शाळेत शिक्षक होते आणि आयुष्यभर आकड्यांत रमले. चार अंकी आकडा घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लिहा, त्यातून चढत्या क्रमानं लिहिलेला आकडा वजा करा. आलेल्या उत्तरावर तेच करा. ३५२४ घेतला तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि ६१७४ वर केलं की पुन्हा ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक आकडा तिथे पोहोचतो.

‘प्रत्येक’ हे कसं कळलं? सुरुवातीची शून्यंही धरली तर ९,९९० आकडे तपासावे लागतील. थोडं थांबून वजाबाकी अक्षरांत मांडा. उतरत्या क्रमाचे अंक क, ख, ग, घ असतील तर उत्तर ९९९ गुणिले (क वजा घ) अधिक ९० गुणिले (ख वजा ग) इतकं येतं. म्हणजे ते फक्त या दोन फरकांवर ठरतं. पहिला फरक १ ते ९, दुसरा शून्यापासून पहिल्याइतका. एकूण जोड्या ५४. ९,९९० ची यादी ५४ वर आली, आणि ५४ शक्यता एका दुपारी वहीत तपासता येतात. आठवीतल्या मुलांनी त्या बैठकीत तपासल्या आहेत.

ज्यांना यापुढे गणितात जायचं आहे त्यांनी एरंडवण्यातल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानची चौकशी करावी. श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेली ही संस्था गणित ऑलिंपियाडच्या मुलांना मार्गदर्शन करते.

आईबाबांनी सुडोकू सोडवलं तर स्मरणशक्ती टिकते का?

सुडोकू सोडवल्यानं सुडोकू चांगलं येतं. त्यानं स्मृतिभ्रंश टळतो असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही, आणि विसरभोळेपणा वाढत असेल तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका. पण त्यांना आनंद मिळत असेल, नातवंडांबरोबर बसायला निमित्त मिळत असेल, तर तेवढं कारण पुरेसं आहे.

माझी मुलगी हरली की रडते. मी मुद्दाम हरावं का?

कृपया हरू नका. मुलांना ते कळतं, आणि मग त्यांच्या खऱ्या विजयावरचाही त्यांचा विश्वास जातो. त्याऐवजी सुरुवातीलाच उघडपणे सवलत द्या: तुम्ही वजिराशिवाय खेळा, किंवा काड्यांच्या खेळात पहिली पाळी तिला द्या. डाव संपल्यावर दोघींनी मिळून तो मागे न्या आणि कुठल्या चालीपर्यंत ती जिंकू शकत होती ते शोधा. ‘मी हरले’ याच्या जागी ‘मी सतराव्या चालीला हत्ती उघडा टाकला’ असं वाक्य आलं की रडणं हळूहळू कमी होतं, कारण सतरावी चाल पुढच्या वेळी बदलता येते.

मूल अडकलं तर उत्तर सांगावं की नाही?

उत्तर सांगू नये, पण एकटंही सोडू नये. आम्ही तीनच प्रश्न विचारतो. तू आत्तापर्यंत काय काय खोडलंस? दिलेल्यापैकी कुठलं वाक्य अजून वापरलं नाहीस? आणि हेच कोडं लहान करून बघितलंस का, म्हणजे २१ ऐवजी ५ काड्या घेऊन? बहुतेक मुलं दुसऱ्या प्रश्नालाच वाक्यावर बोट ठेवतात आणि पुढे जातात. तरीही अडलं तर कोडं घरी जाऊ द्या. आठवडाभर डोक्यात राहिलेलं कोडं वाया जात नाही.

बैठकीतल्या पुस्तकांची उत्तरांची पानं आम्ही स्टेपलरनं बंद केलेली आहेत. ज्याला उत्तर सापडलं त्यानं ते शेजारच्याला कारणांसह पटवून द्यायचं. शेजारच्याला पटलं, की दोघांनाही पुढचं कोडं मिळतं.